शेपटीवर बसलेलं विमान



आज एका चुकीबद्दल लिहितोय. चूक मुलाची नाही, माझी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. आठवीतल्या एका मुलाने ‘व्हॅम्पायर’ या जुन्या जेट लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल जोडलं होतं. किट माझ्याच संग्रहातला. माझे मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी परदेशातून आणलेल्या चार-पाच किटांपैकी तो एक. खोक्याचे कोपरे फाटलेले, सूचनांचा कागद पिवळा पडलेला. मुलाने दीड महिना खपून तो पूर्ण केला. सांधे दिसत होते, एका पंखावर गोंदाच्या बोटाचा ठसा उमटला होता. आणि सगळ्यात आधी डोळ्यात भरायचं ते म्हणजे, विमान आपल्या तीन चाकांवर उभंच राहत नव्हतं. नाक वर करून शेपटीवर बसायचं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी मांडणी बघत फिरत होतो. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार. मनात आलं, सगळे हसतील, पोराला वाईट वाटेल. खरं सांगायचं तर ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली’ या पाटीखाली असं बसकं विमान मलाच नको होतं. मी नाकाखालचं चाक खालच्या प्लायवर पक्कं चिकटवून टाकलं. दोन मिनिटांचं काम. विमान झकास उभं राहिलं.

सकाळी मुलगा आला. विमानाकडे बघत राहिला.

“सर, हे चाक कुणी चिकटवलं?”

“मी. बघ, आता कसं छान उभं राहिलंय.”

तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने मूठ उघडून दाखवली. आत तीन छोटे नट होते, सायकलच्या दुकानातून आणलेले.

“पाहुण्यांसमोर एकेक नट नाकावर ठेवणार होतो, सर. दोन ठेवले की विमान पुढे झुकतं. आता मी काय दाखवू?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. पण त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं, आणि तेच आज तुमच्यापुढे मांडतोय. मुलाच्या हातात नीट न बसणारी, जुनी, थोडी हट्टी वस्तू द्यावी. आणि ती दिल्यावर आपले हात मागे घ्यावेत.

किट म्हणजे काय, आणि जुनाच का?

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं लावायची. विमानांसाठी 1:72 हे प्रमाण फार रुळलेलं आहे. ब्रिटनमध्ये 1936 साली आलेले ‘फ्रॉग पेंग्विन’ किट याच प्रमाणात होते. हिशोब सोपा आहे: सहा फूट म्हणजे 72 इंच, म्हणून सहा फूट उंचीचा माणूस मॉडेलमध्ये बरोबर एक इंचाचा होतो. गुणोत्तर-प्रमाण शिकवताना याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. 1942 मध्ये अमेरिकेच्या नौदलाने सैनिकांना विमानं ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून शाळकरी मुलांकडून याच प्रमाणात लाकडी मॉडेल्स करून घेतली होती. म्हणजे शाळा आणि 1:72 यांचं नातं जुनं आहे.

आता नवे किट संगणकावर आखलेल्या साच्यांतून येतात. भाग टक्कन बसतात. मीही ते करतो आणि मला आवडतात. 1950 ते 1970 च्या दशकांतल्या किटांचं तसं नसतं. साचा झिजलेला असेल तर दोन अर्ध्यांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन कडांना पातळ पापुद्रा धरतो. जिथे प्लास्टिक जाड असतं तिथे ते उशिरा थंड होतं आणि वरचा पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगा पडतो. पत्र्यांचे जोड खरं तर बारीक फटींसारखे दिसायला हवेत, पण जुन्या किटांवर ते उंचावलेल्या रेषांनी दाखवलेले असतात.

छंदातले लोक याला दोष म्हणतात. मी शिक्षक आहे, मला यात धडा दिसतो. पापुद्रा का आला? खळगा इथेच का, शेजारी का नाही? हे प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, कारण त्या खळग्याने त्यांचं काम अडलेलं असतं. उष्णतेने प्रसरण आणि थंडीने आकुंचन मी फळ्यावर वीस वर्षं शिकवतोय. खळग्यावर बोट ठेवून ‘हे आकुंचन का सर?’ असं फळ्याकडे बघून मला कुणी विचारलेलं नाही.

सुरुवातीची जेट विमानंच का?

कारण तेव्हा जेट विमान कसं दिसायला हवं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिलं जेट विमान, जर्मनीचं हाइंकेल हे 178, 27 ऑगस्ट 1939 रोजी उडालं. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटलच्या इंजिनावर ग्लॉस्टरचं प्रायोगिक विमान 15 मे 1941 ला उडालं. पुढच्या दहा वर्षांत जे आकार निघाले ते बघण्यासारखे आहेत. ग्लॉस्टर मीटिअरच्या प्रत्येक पंखात एकेक इंजिन, कारण त्या काळचं एक इंजिन पुरेसा जोर देत नव्हतं. जर्मनीच्या मेसरश्मिट 262 चे पंख किंचित मागे वळलेले, आणि त्यामागे सुरुवातीला वेगाचा विचार नव्हताच. इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाली, म्हणून विमानाचा तोल सावरायला पंख मागे वळवले. अमेरिकेचं सेबर आणि रशियाचं मिग-15, दोन्ही 1947 मध्ये पहिल्यांदा उडाली. दोन्हींच्या नाकातच हवेचं तोंड, आणि पंख चांगलेच मागे वळलेले.

आणि आमचं व्हॅम्पायर? पहिलं उड्डाण 20 सप्टेंबर 1943. याचं शरीर म्हणजे एक आखूड, अंड्यासारखी कुपी. तिच्या मागून दोन लांब दांडे निघतात आणि त्यांच्या टोकांना शेपटी जोडलेली. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा विचारतात, “सर, मधला भाग तुटलाय का?” तुटलेला नाही. सुरुवातीच्या इंजिनाची ताकद कमी होती, आणि गरम वायू लांबलचक नळीतून मागे न्यायचा तर त्यातली काही ताकद नळीतच जाणार. मग नळीच आखूड ठेवली आणि शेपटी दोन दांड्यांवर मागे नेली. गंमत म्हणजे त्या कुपीची बांधणी प्लायवूड आणि बाल्सा लाकडाची होती. जेट इंजिन, आणि त्याला लाकडी घर!

यातला प्रत्येक आकार म्हणजे एका अडचणीला कुणीतरी दिलेलं उत्तर आहे. मुलाच्या हातात ते उत्तर येतं आणि त्याला उलटं मागे जाऊन प्रश्न शोधावा लागतो. आपल्या वर्गात बहुतेक वेळा याच्या उलट होतं. प्रश्न आपण देतो, आणि उत्तर मार्गदर्शकात असतंच.

आपला या विमानाशी संबंधही आहे. नोव्हेंबर 1948 मध्ये व्हॅम्पायर हे भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट विमान झालं, आणि पुढे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ते परवान्याने बांधलंही गेलं.

पट्टीने मोजलेलं खरं

नटांच्या त्या प्रसंगानंतरच्या वर्षी मी व्हॅम्पायरचाच दुसरा एक जुना किट पाच मुलांच्या गटाला दिला. अट एकच: खोक्यावर 1:72 लिहिलंय, ते खरं आहे का ते शोधा.

मुलांनी कुठूनतरी पंखांची लांबी काढली, 12.19 मीटर. भागिले 72, म्हणजे सुमारे 16.9 सेंटिमीटर. मॉडेलवर पट्टी लावली तर भरली 16.1. झालं! “सर, किट खोटा आहे.” सगळा गट खूश. मोठ्यांची चूक सापडण्याइतका आनंद दुसरा नसतो.

मी गप्प बसलो. (या वेळी जमलं.) दोन दिवसांनी त्यातलीच एक मुलगी म्हणाली, “सर, विमानाची लांबी मात्र बरोबर येते. 9.37 मीटर भागिले 72, तेरा सेंटिमीटर. मग पंखच का चुकतील?” पुन्हा शोधाशोध. तेव्हा कळलं की व्हॅम्पायरच्या आधीच्या प्रकारांचे पंख 40 फुटांचे होते, आणि जमिनीवर हल्ल्यासाठी बनवलेल्या नंतरच्या प्रकारात ते कापून 38 फूट केले. 38 फूट म्हणजे 11.58 मीटर. भागिले 72, 16.1 सेंटिमीटर. किट बरोबर होता. माप दुसऱ्याच व्हॅम्पायरचं घेतलं होतं.

हा भागाकार पाचवीचा आहे. पण ‘माहिती बरोबर आहे, पण ती याच वस्तूची आहे का?’ हा प्रश्न मोठ्या माणसांनाही रोज पडायला हवा. मोबाईलवर येणारं सगळं पुढे ढकलणाऱ्या आपल्या घरांत तर नक्कीच.

आणि खोकं खरोखर चुकतंही. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीने 1950 च्या दशकात ‘मिग-19’ नावाचा किट काढला. खरं विमान तेव्हा गुप्त होतं, म्हणून किट अंदाजाने घडवला गेला. खऱ्या मिग-19 चे फोटो शेजारी ठेवले तर दोघांचा ताळमेळ लागत नाही. म्हणून मी जुन्या किटाला इतिहासाचं साधन मानतो. विमान कसं होतं हे तो सांगतोच असं नाही, पण ते बनवणाऱ्यांना त्या वर्षी काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे नक्की सांगतो. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात एकदा वापरून बघावं.

विमान शेपटीवर का बसतं?

आता त्या नटांकडे येऊ. सहावीत आपण तरफ शिकवतो. टेकू, भार, बल. मॉडेलची दोन मुख्य चाकं म्हणजे टेकू. खऱ्या व्हॅम्पायरमध्ये वैमानिक, तोफा आणि बाकीचं सामान पुढच्या भागात असतं, त्यामुळे तोल मुख्य चाकांच्या किंचित पुढे राहतो. प्लास्टिकची कुपी आतून पोकळ. मागे मात्र दोन दांडे आणि शेपटी आहेतच. साहजिकच मॉडेल मागे कलंडतं. म्हणून कुपीचे दोन अर्धे चिकटवण्याआधी नाकात वजन घालायचं असतं. विसरलात तर विसरलात.

वजन किती? टेकूच्या 4 सेंटिमीटर पुढे 5 ग्रॅम ठेवले तर गुणाकार 20 येतो. तेच वजन 2 सेंटिमीटरवर ठेवायचं तर 10 ग्रॅम लागतील. नाकाच्या टोकाला कमी वजनात काम होतं. सहावीतल्या मुलाला हे सूत्र पाठ असतं. माझ्या त्या विद्यार्थ्याला ते तीन नटांमध्ये सापडलं होतं, आणि सापडलं कारण तो वजन घालायला विसरला होता. त्याची विसरभोळी चूक हाच त्याचा प्रयोग होता. मी चाक चिकटवून तो प्रयोग बंद पाडला.

लोक काय म्हणतात

“लढाऊ विमानं मुलांच्या हातात कशाला?” हा प्रश्न मला एका पालक सभेत आईनेच विचारला होता, आणि तो रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की लपवून द्यायची असतील तर देऊ नका. मेसरश्मिट 262 दिलं तर हेही सांगा की त्याचे सांगाडे ऑस्ट्रियातल्या गुसेन इथल्या छळछावणीच्या कैद्यांना भुयारात राबवून बनवले गेले. व्हॅम्पायर दिलं तर सांगा की 1 सप्टेंबर 1965 ला छांबच्या आघाडीवर आपली जुनी झालेली व्हॅम्पायर विमानं पाकिस्तानच्या सेबरांसमोर सापडली, आणि आपले काही वैमानिक परतले नाहीत. हे ऐकल्यावर मुलं मॉडेल हातात धरून ‘ढिश्यांव’ करत नाहीत. एक इंचाचा वैमानिक खुर्चीत बसवताना त्यांचे हात हळू होतात. हे मी पाहिलंय.

“परवडत नाही.” खरं आहे. जुने, न उघडलेले किट संग्राहक महाग विकतात, ते मुलांसाठी फोडूच नका. पण तेच जुने साचे वापरून किट पुन्हा पुन्हा बाजारात येतात, एअरफिक्सची तर ‘व्हिंटेज क्लासिक्स’ नावाची मालिकाच आहे. पाच मुलांत एक किट पुरतो. तेही नको असेल तर पुठ्ठ्याचं विमान करा, पण माप मुलांनाच काढू द्या.

“मुलं निराश होतात.” होतात. आमच्या गटातल्या एकाने मध्येच सोडून दिलं, आणि त्याला मी ओढून आणलं नाही. सगळ्यांना हे आवडेलच असं नाही. पण जी मुलं टिकली त्यांना वाकडा पंख रबर लावून, रात्रभर कपड्याचे चिमटे लावून सरळ करता येतो हे कळलं. पिवळी पडलेली चिन्हं खिडकीच्या काचेवर उन्हात लावून ठेवली तर पांढरी होतात, हेही एका मुलीनेच करून बघितलं.

आणि खरी अडचण कोणती, सांगू? ती मुलांची नाहीच. ती आपली आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात तयार ‘प्रोजेक्ट’ मिळतात. ज्वालामुखी, पवनचक्की, सगळं. रात्री अकराला बाबा थर्माकोल कापतात आणि मूल झोपलेलं असतं. आम्ही शिक्षकही त्यालाच पहिला नंबर देतो, कारण ते दिसायला छान असतं. मूल यातून विज्ञान शिकत नाही, पण एक गोष्ट पक्की शिकतं: माझं काम वाईट दिसतं, म्हणून मोठे ते माझ्या हातातून काढून घेतात.

मग करायचं काय?

माझ्यापुरते मी चार नियम केलेत.

1. धोक्यात हात घालायचा, चुकीत नाही. या किटांचा गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो, त्याचा वास नाकात जाऊ द्यायचा नाही. खिडक्या उघड्या, आणि पातं वापरताना मोठं माणूस शेजारी हवंच. लहान मुलांना पात्याऐवजी नेलकटर द्या, भाग छान सुटतात. वजनासाठी शिसं नको, लोखंडी नट वापरा. बाकी सगळं त्यांचं.

2. पट्टी आधी, गोंद नंतर. जोडण्याआधी मोजायचं, आणि आलेलं माप वहीत लिहायचं.

3. मूल अडलं तर उत्तर न देता विचारायचं, “तुला काय वाटतं?” आणि मग खरंच थांबायचं. ही थांबण्याची दोन मिनिटं फार जड जातात.

4. गुण मॉडेलच्या दिसण्याला नाहीत. ‘काय चुकलं आणि ते कसं कळलं’ हे सांगण्याला आहेत.

यातला तिसरा नियम मला अजून पुरता पाळता येत नाही, हे कबूल करतो.

तो विद्यार्थी प्रदर्शनानंतर मॉडेल घरी घेऊन गेला नाही. “राहू दे सर, शाळेत,” म्हणाला. ते प्रयोगशाळेच्या कपाटात प्लायसकट पडून होतं. या जूनमध्ये कपाट आवरताना मी नाकाचं चाक हळूच पात्याने सोडवलं. विमान लगेच मागे कलंडलं आणि शेपटीवर बसलं, पूर्वीसारखं. तसंच टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी समोर येऊन थांबली.

“सर, हे असं का बसलंय?”

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. मी खणातून नटांची डबी काढली आणि तिच्यासमोर ठेवली.